कोटावरचं माप

बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या रायफलीचा दस्ता कुणीतरी करवतीने कापला होता. कापलेल्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, म्हणून तिचं लक्ष गेलं. बँकेत ती वडील जिवंत आहेत हे सांगायला आली होती. दर हिवाळ्यात ते सांगावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. यंदा खिडकीतल्या मुलीने माणूस समोर आणून दाखवावा लागेल असं सांगितलं आणि ती ‘बघते’ म्हणून बाहेर पडली, तेव्हा तिच्या डोक्यात एवढाच घोर होता की बाबांना जिना उतरवायचा कसा. आणि दारात ही. लांब नळी, अक्रोडाचं लाकूड, पोटाशी चौकोनी मॅगझीन. लांबूनही ओळखू यावी अशी, ती काम करायची त्याच कारखान्यात घडलेली. एके काळी हिच्यासाठी रात्रंदिवस यंत्रं चालायची. आता फौजेने तिला काढून टाकलं होतं आणि ती अशी बँकांच्या, सराफांच्या दारात उभी राहून म्हातारपण काढत होती. इतपत तिला सवय होती. पण खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ताच कापलेला तिने कधी पाहिला नव्हता, आणि तो पाहून ती पायरीवरच थांबली.

“हा कापला कुणी?” तिने विचारलं.

पहारेकरी गांगरला. “सुताराने. का हो बाई?”

“पण कशाला?”

“थंडीत अंगावर कोट असतो ना. कोटावर लांब पडते. उचलून खांद्याला लावायला गेलं की काखेत अडकते. म्हटलं, काढा दोन बोटं.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो चाचरला. “मॅनेजरना विचारलं होतं हां. तुम्ही ऑफिसातल्या का?”

“नाही. आता नीट लागते?”

“झकास लागते. सुताराने चहा यायच्या आत काम उरकलं.”

ती चालू लागली. रस्त्यावर धुकं होतं आणि बसच्या थांब्यावर माणसं हात काखेत घालून उभी होती. कोटावर लांब पडते. हे शब्द तिने ऐकले होते, ह्याच क्रमाने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दादाच्या तोंडून. आणि त्यानंतर इतक्या वर्षांत ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं. तेही आजच. आज कारखान्यातली नमुनाखोली, जिथे ती कामाला होती, रिकामी व्हायची होती. बस आली, ती चढली, दांडीला धरून उभी राहिली, आणि एक गोष्ट तिला मनातून हलवता येईना. एक सुतार, एक करवत, आणि चहा यायच्या आत. एवढंच होतं तर मग.

माप घ्यायची रीत सोपी आहे. कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं बूड कोपराच्या बेचक्यात टेकवायचं, मूठ धरायची आणि तर्जनी पुढे टाकायची. बोटाचं पहिलं पेर चापावर बसलं तर दस्ता तुमच्या मापाचा. बोट पुढे निघून गेलं तर तो तुम्हाला आखूड, पोचलंच नाही तर लांब. कारखान्यात दस्ते तीन मापांचे निघायचे: आखूड, नॉर्मल आणि लांब; दारामागचा होता नॉर्मल. लोकांच्या घरी पोरांची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतात. तिच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे एक लाकडी दस्ता टांगलेला असायचा, नाकारलेल्या लाकडातून बाबांनी फावल्या वेळात कोरलेला, चापाच्या जागी खिळा ठोकलेला. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी दोघा भावंडांना हात वाकवून उभं राहावं लागे. “आखूडसुद्धा नाही अजून,” बाबा तिला म्हणायचे, “जरा जेवत जा.” ती पुढे आखूडपर्यंत पोचली आणि तिथेच राहिली. दादा मात्र एका उन्हाळ्यात ताडमाड वाढला. ज्या वर्षी त्याचं बोट अचूक खिळ्यावर बसलं त्या वर्षी बाबांनी शेजारच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. पुढच्या वर्षी ते खिळ्याच्या पुढे गेलं. “आता हा लांबमध्ये गेला,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती, पोरगं वेगळ्या बिऱ्हाडात राहायला गेल्यासारखी.

कारण नॉर्मल ते स्वतः होते. ही काही बढाई नव्हती. रायफल मुळात बाहेरदेशीची. तिचे नकाशे आले तेव्हा त्यावरच्या दस्त्याचं माप तिकडच्या उंचनिंच माणसांचं होतं. चाचणीला आलेल्या जवानांचे हात पुरेनात. साहेब लोक दिवसभर वाद घालत होते आणि मग मोठ्या साहेबांनी कंटाळून कारखान्याच्या शॉपमध्ये नजर फिरवली. तिथे बाबा उभे होते, तरुण फिटर, ना उंच ना बुटके, ना जाडे ना किडकिडीत. उन्हाळा होता. भट्टीच्या बाजूची शॉप, बाबांच्या अंगात पातळ सदरा, बाह्या दुमडलेल्या. “ए, इकडे ये. हात वाकव.” एक लाकूड त्यांच्या कोपराला लावलं, चापाच्या जागी लोखंडी आकडा ठोकला, बोट बसेपर्यंत लाकूड तासलं, आणि साहेब म्हणाले, बस्स, हा नॉर्मल. त्यापेक्षा जरा कमी तो आखूड, जरा जास्त तो लांब. त्या लाकडाला तार ओवून लाल लाखेची मोहर लावली आणि ते नमुनाखोलीच्या भिंतीवर गेलं. मोहर लागली की विषय संपला. पुढची प्रत्येक रायफल त्या लाकडाशी जुळवून पाहायची, ते लाकूड कशाशीही जुळवायचं नाही. कॅन्टीनमध्ये लोक बाबांना नॉर्मल म्हणूनच हाक मारू लागले. “अख्ख्या जगात एकच माणूस नॉर्मल,” आई वैतागली की म्हणायची, “आणि तो नेमका माझ्या पदरात.” बाबा हसायचे. त्यांना ते नाव आवडायचं. पुढे ते नमुनाखोलीचे फोरमन झाले आणि त्यांच्याच हाताखाली त्या खोलीत ती लागली.

खोलीत वर्षानुवर्षं रायफली वाढत गेल्या. पहिली ती थोरली, लाकडाची, लांब नळीची. मग जाड नळीची आणि पुढे दोन पाय असलेली, जमिनीवर झोपून सलग झाडायची. मग विमानातून उड्या मारणाऱ्यांसाठी नळी छाटलेली आणि मागचा लोखंडी दस्ता दुमडणारी. मग सलग झाडायची सोय काढून घेतलेली, कारण काडतूस इतकं दांडगं की दुसरी-तिसरी गोळी आभाळात जायची आणि जवानाचा खांदा काळानिळा व्हायचा. लाकूड महागलं तेव्हा काळ्या प्लास्टिकची. नळी बदलली, झाकण बदललं, नेम धरायची पट्टी बदलली, मूठ बदलली. एक बदललं नाही. जाड, छाटलेली, दुमडती, काळी, प्रत्येकीचा दस्ता आधी भिंतीवरच्या त्या लाकडाला लावून पाहिला गेला; बाबांच्या कोपरापासून बाबांच्या बोटापर्यंतचं अंतर लाखो खांद्यांवर गेलं. लहानपणी तिला ह्याचा फार अभिमान वाटायचा. रस्त्यातून फौजेच्या गाड्या गेल्या की तिला वाटायचं, आत रांगेने आपलेच बाबा बसले आहेत.

दादा भरती झाला आणि त्याला उंच, बर्फाच्या ठाण्यावर पाठवलं. पहिल्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा त्याचे गाल फाटलेले होते आणि तो खूप जेवत होता. जेवता जेवता सहज म्हणावं तसा म्हणाला, “बाबा, तुमचा नॉर्मल तिकडे चालत नाही. कोटावर लांब पडतो.”

“तुझा हात लांब आहे. तुला लांब लागतो, नॉर्मलसुद्धा नाही,” बाबा म्हणाले.

“सदऱ्यावर लांब लागतो. तिथे सदऱ्यावर कोण असतं? आत लोकर, वर कापसाचा कोट, त्यावर पट्टे. पटकन उचलली की बूड काखेत अडकतं. सगळ्यांचंच अडकतं. आखूड मागितला तर स्टोअरवाला हसतो, म्हणतो आखूड पोरांसाठी असतात. तुम्ही एक शब्द टाका ना. थंडीतल्या ठाण्यांना आखूड द्या, एवढंच.”

“नमुन्याला मोहर लागलेली आहे.”

“मोहर काढायला कुठे सांगतोय मी? तुम्ही फोरमन आहात. तुम्ही म्हणालात की उन्हाळ्यात घेतलेलं माप आहे, तर ऐकतील.”

“उन्हाळ्यात घेतलेलं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. “म्हणजे मी चुकीचा?” आईने मध्येच भाजी वाढली. दादा हसला, म्हणाला, “तुम्ही बरोबर हो, थंडी चुकीची,” आणि विषय तिथेच राहिला. ती समोर बसली होती. तिला तेव्हा नमुनाखोलीत लागून फार दिवस झाले नव्हते, आणि तिला वाटलं, दादा बरोबर बोलतोय. तिला हेही वाटलं की ह्या घरात ते म्हणायची ही वेळ नव्हे. ती वेळ पुढे आलीच नाही. हिवाळा सरायच्या आत दादा गेला.

ठाण्यावरचा त्याचा जोडीदार त्याचं सामान घेऊन आला होता. त्यात एक कोट होता, दादाचा दुसरा, धुवायला टाकलेला म्हणून मागे राहिलेला. बाबा बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. जोडीदार पाणी प्यायला आत आला आणि भांड्याकडे बघत, तिला की स्वतःला कुणास ठाऊक, म्हणाला, “त्याची मॅगझीन भरलेली होती. एकही सुटली नव्हती. वळणावर दुश्मन समोरासमोर आले. माझ्या डोळ्यांपुढे त्याने ती वर उचलली, पण...” आणि त्याने हात काखेशी नेऊन सोडून दिला. दोन खोल्यांमधलं दार उघडं होतं. बाबांनी ते ऐकलं का, हे तिला कधीच कळलं नाही. भरलेल्या मॅगझीनला शंभर कारणं असू शकतात. बोटं गारठतात, माणूस बावचळतो, समोरचा आधी झाडतो. ही कारणं तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती की ती गुळगुळीत झाली होती. त्या आठवड्यात कधीतरी स्वयंपाकघराच्या दारामागचा दस्ता नाहीसा झाला. भिंतीवर त्याचा फिकट ठसा तेवढा उरला. कुणी काढला, कुठे गेला, कुणी विचारलं नाही. बाबा दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि निवृत्त होईपर्यंत रोज जात राहिले, आणि दादाचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जाऊ लागले. आई गेली तीही काही न विचारताच. विचारणारी राहिली ती एकटी.

आता बाबांचं सगळं पुसत चाललं होतं. आई गेल्याचं ते विसरले, घराचा नंबर विसरले, कधीकधी तिलाही शॉपमधली कुणीतरी समजत. सारखी थंडी वाजते म्हणून गेल्या हिवाळ्यात कपाटातून दादाचा तो कोट त्यांनी स्वतः काढला आणि अंगात घातला, कुणाचा आहे हे न विचारता. तो त्यांना इतका मोठा होतो की बाह्यांतून बोटांची टोकंच दिसतात. झोपतानाही काढू देत नाहीत. बटणाला हात लावला की हात झटकतात. आणि एकच गोष्ट ते विसरलेले नाहीत. रोज संध्याकाळी ती दारातून आत आली की विचारतात, “नमुना जागेवर आहे ना?” ती म्हणते, “आहे.” मग त्यांचे खांदे खाली येतात आणि ते जेवतात. तिला त्या प्रश्नाचा राग यायचा. इतकं सगळं विसरलात, आणि हे लाकूड तेवढं लक्षात? पण रागाच्या तळाशी दुसरंच काही होतं, आणि ते ती कुणाजवळ बोलली नव्हती. बाबांची आठवण पुरती जायच्या आत त्यांनी एकदा, फक्त एकदाच म्हणावं, माझं चुकलं, पोरगा खरं सांगत होता. रडू नये, माफी मागू नये. नुसतं म्हणावं. ते म्हणायच्या आत हा माणूस कोरा झाला तर दादा खोटा ठरून गेला असं होईल. रोज थोडा वेळ कमी होत होता, आणि रोज ती ‘आहे’ म्हणून त्यांना जेवायला वाढत होती.

कारखान्याच्या फाटकातून ती आत गेली तेव्हा लोखंड कापणारा कटर अंगणात गॅसच्या नळकांड्या लावून बसला होता. जुन्या नमुन्यांचं काय करायचं ते ठरलेलं असतं: कुणाला पुन्हा जोडता येणार नाहीत असे तुकडे. नवी रायफल हलकी होती, लहान काडतुसाची, आणि तिचा दस्ता बटण दाबून मागेपुढे सरकायचा, म्हणजे आता कुणालाच नॉर्मल असायची गरज उरली नव्हती. संग्रहालयाने थोरली मागितली होती, पण चौकशीअंती त्यांना लढाईत वापरलेली हवी होती. खोलीत पडून राहिलेली नको. तिने एकेक रायफल कप्प्यातून काढून बाहेर नेऊन दिली. जाड नळीची, दुमडती, काळी. शेवटी थोरली. मग भिंतीवरचं ते लाकूड उतरवलं. पक्कडीने त्याच्या मोहरेची तार तोडली तेव्हा लाखेचे तुकडे तिच्या तळहातावर पडले. ते इतके हलके होते की तिला कसंतरी वाटलं.

“ताई, हिने आयुष्यात एक गोळी झाडली नाही ना?” कटरने चष्मा कपाळावर चढवत, थोरलीकडे बघून विचारलं.

“नाही.”

“आमचा मेहुणा असाच. नुसता जपून ठेवलाय.” ती हसली नाही म्हणून तो ओशाळला. “तुम्ही आत बसा हवं तर. बघवत नाही लोकांना.”

“बघवतंय,” ती म्हणाली.

आणि खरंच बघवलं. निळी जीभ नळीवर टेकली, लोखंड आधी काळवंडलं, मग लाल झालं, मग थेंब थेंब गळायला लागलं. जळक्या तेलाचा वास सुटला. तिला वाटलं होतं की कुठेतरी रडू येईल, निदान मोकळं वाटेल. त्यातलं काहीच झालं नाही, नुसते पाय गारठले. लाकूड बाजूला पाटीत टाकत होते, बॉयलरसाठी. त्या पाटीत वरच ते पडलेलं होतं, चापाच्या जागी आकडा असलेलं, हाताळून हाताळून मधासारखं झालेलं. भिंतीवरून तिनेच काढलं होतं, पण पाटीत पडलेलं ते वेगळंच दिसत होतं, कुठल्याही लाकडासारखं. तिने वाकून ते उचललं आणि पिशवीत घातलं. “घरी नेऊ का?” तिने नंतर विचारलं.

“न्या की. लाकूडच ते,” कटर म्हणाला.

घरी दिवसभर सांभाळणारी बाई चपला घालून तयारच होती. “आज शांत होते,” ती म्हणाली. “फक्त कोट काही काढू देईनात. मान भिजलीये घामाने.” बाई गेली. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, गळ्यापर्यंत बटणं लावून. बाहेर अजून थोडा उजेड होता.

“नमुना जागेवर आहे ना?” त्यांनी विचारलं.

पिशवीतून दस्ता काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवला. आता ओरडतील, असं तिला वाटलं. मोहर तोडलेली, खोलीबाहेर आणलेला नमुना. पूर्वी असं कुणी केलं असतं तर त्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला, अंगठ्याने कड तपासली, लाकूड कानाशी नेऊन ठोकून पाहिलं. त्यांना तो ओळखू आला नव्हता. हातांना मात्र काम ओळखू आलं. ते कष्टाने उभे राहिले, कोपर काटकोनात वाकवलं, बूड बेचक्यात टेकवलं, मूठ धरली आणि बाहीच्या टोकातून तर्जनी पुढे टाकली. दादाच्या कोटाची जाड बाही कोपरात चुरगळली. बोट आकड्यापर्यंत पोचलं नाही. त्यांनी पुन्हा नीट टेकवून पाहिलं. पुन्हा नाही.

“लांब आहे हा,” बाबा म्हणाले.

तिने खिडकीच्या चौकटीला हात टेकला. “कोटामुळे, बाबा.”

“मग कोटावरच मापायला हवा होता.” त्यांचा आवाज एकदम शॉपमधला झाला, खडा आणि कामाचा. “हिवाळ्यात काय पोरं सदऱ्यावर लढणार? वेळेला खांद्याला लागणार नाही हा. काखेत अडकेल.” त्यांनी हात काखेशी नेला आणि सोडून दिला. अगदी त्या जोडीदाराने सोडला होता तसा. “पोरं मरतील अशाने. कुणाचं माप आहे हे?”

हा प्रश्न त्यांनी कधी विचारला तर काय सांगायचं हे तिला पाठ होतं. एकच शब्द होता. इतकी वर्षं तो तिने तोंडात धरून ठेवला होता, कितीदा भांडी घासताना भिंतीला ऐकवला होता. बाबा वाट पाहत उभे होते, फोरमन वाट पाहतो तसे, चूक कुणाची ते कळल्याशिवाय जागचा न हलणारा. मोठ्या बाहीतून बोटांची पांढरी टोकं बाहेर आली होती आणि त्या टोकांनी दस्ता घट्ट धरला होता.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “फार जुना आहे.”

बाबांनी मान हलवली. दस्ता तिच्या हातात दिला आणि खुर्चीत बसता बसता, जरा विचार करून, हळू आवाजात म्हणाले, “ज्याचं असेल त्याला सांगायला पाहिजे. पण चारचौघांत नको. बाजूला घेऊन सांग. त्याच्याही घरात पोरं असतील.”

“सांगते,” ती म्हणाली. तिने दस्ता खाली ठेवला, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि वरच्या बटणाला हात घातला. त्यांनी हात झटकला नाही. तिने एकेक बटण काढलं, मग एक बाही, मग दुसरी, आणि बाबांनी लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे करून कोट काढू दिला.